सुर्ब तोरोसची उत्तरेकडची भिंत

गोरिस
२३ जानेवारी २००६

चि. हेघिने,

या पत्रात मी पुढील गोष्ट सिद्ध करणार आहे: येरेवानमधील सुर्ब तोरोस चर्चच्या उत्तर भिंतीला लागून असलेले तुझ्या आत्याचे घर त्या चर्चचा भाग नाही, कधीही नव्हते, आणि ते तसे असल्याचे दाखवणारा नकाशा तू अज्ञानाने नव्हे, हेतुपुरस्सर काढला आहेस. माझा स्वर तुला थंड वाटेल. राग आला की माझा स्वर थंड होतो, हे तुझ्या वडिलांना ठाऊक होते. आता तुलाही कळेल.

नाताळला तुझ्या आत्याकडे, आर्पेनिककडे आलो होतो तेव्हा चर्चभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणावर जीर्णोद्धाराचा नकाशा लावलेला पाहिला. खाली प्रमुख वास्तुविशारद म्हणून तुझे नाव. चर्च तपकिरी रंगात, गल्लीतली सगळी घरे पांढरी, आणि आर्पेनिकचे स्वयंपाकघर व त्यामागची खोली मात्र चर्चच्याच तपकिरी रंगात. शेजारी बारीक अक्षरांत लिहिले होते: 'प्रार्थनास्थळाचा वापरातील भाग'. मी आत आलो, मासा आणि मनुकांचा भात खाल्ला आणि तुझ्या कामाची स्तुती ऐकली. समोर ताट असताना आरोप करू नये, असे आमच्या वडिलांनी आम्हाला शिकवले होते. आरोपापूर्वी पुरावा तपासावा, असे मी स्वतः चाळीस वर्षे कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले. तपासणी आता पूर्ण झाली आहे.

ते घर १९४९ साली आमच्या वडिलांनी बांधले. तुझे वडील गेघाम तेव्हा इतके लहान होते की चुन्याच्या खड्ड्यात पडू नयेत म्हणून त्यांना अक्रोडाच्या झाडाला ओढणीने बांधून ठेवत. मी मात्र मोठा होतो. दगड मी वाहिले आहेत. चर्च त्या काळी बंद होते; सोव्हिएत सरकारने त्याचे मिठाचे कोठार केले होते. त्याला टेकून घर बांधले की एक भिंत आयती मिळते, एवढाच त्या जागेचा मोह होता. चर्चचा दगड काळसर, हातोडी-छिन्नीने घडवलेला, दोन चिऱ्यांमध्ये सुरीचे पाते शिरणार नाही असा. आमचा दगड खाणीतून करवतून आणलेला, तांबूस, आणि दोन थरांमध्ये बोटभर चुना. डोळे बांधून हात फिरवला तरी शतके वेगळी कळतात. म्हणजे वय वेगळे, दगड वेगळा, हात वेगळे, हेतूही वेगळा. एक माणसांनी देवासाठी बांधलेले, दुसरे एका मोटार मेकॅनिकने पाच जणांच्या कुटुंबासाठी.

आता परिणाम पाहा. पांढऱ्या घराच्या मालकाला, घर पाडण्याच्या बदल्यात, नव्या इमारतीत फ्लॅट मिळतो. चर्चला मालक नसतो. त्यामुळे जी बाई चर्चच्या 'भागात' राहते तिला घरही नाही आणि फ्लॅटही नाही. तिला एक दिवस 'बाहेर व्हा' असे सांगितले जाते आणि तिच्या स्वयंपाकघरात मेणबत्त्या विकण्याचे दुकान उघडते. शहात्तर वर्षांच्या बाईचे हे तू केले आहेस, आणि ती तुझी सख्खी आत्या आहे.

मी तुझे काम नीट पाहिले आहे. नवा चिरा जुन्यापेक्षा बोटभर आत बसवायचा, म्हणजे जुने कोणते आणि नवे कोणते याबद्दल पुढच्या पिढ्यांची फसवणूक होणार नाही, ही तुझी पद्धत मला आवडली होती. दगडात इतकी प्रामाणिक असलेली बाई रंगात खोटे का बोलते? मला एकच कारण सुचते. चारही बाजूंनी काचेचे टॉवर उभे करणाऱ्या त्या कंपनीला आपल्या अंगणात एक देखणे जुने चर्च हवे आहे. आणि तुला, त्या चर्चच्या छायाचित्राखाली, आपले नाव.

उत्तर लेखी हवे. फोन करू नकोस. फोनवर माणूस आपलेच वाक्य नंतर पुसून टाकू शकतो.

तुझा काका,
वाघर्श


येरेवान
४ फेब्रुवारी २००६

ती. काका,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग चिडले. हे उत्तर चिडल्यानंतरचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

'हेतुपुरस्सर' म्हणालात, ते खरं आहे. तो रंग मी विचार करून भरला. पण हेतू तुम्ही ठरवलात तो नाही. छायाचित्राखाली नाव हवं असतं तर मी गेली तीन वर्षं पायाडावर बसून चुना चाळत नसते. टॉवरवाल्यांकडे नोकरी धरली असती, तिथे लिफ्टसुद्धा आहे.

मागच्या आठवड्यात स्मारक विभागाचे साहेब पाहणीला आले. बरोबर कंपनीचा एक टायवाला. टायवाला विचारल्याशिवाय थेट स्वयंपाकघरात शिरला. आत्या म्हणाली, "बूट काढ."

तो म्हणाला, "आजी, नकाशावर हे चर्च आहे. चर्चमध्ये कोणी बूट काढत नाही."

"मग टोपी काढ. आणि चर्चमध्ये कोणी च्युइंगगमही चघळत नाही."

काका, त्याने ते गिळलं! साहेब खिडकीकडे तोंड करून हसले. मग चुलीपाशी उभं राहून वर काळवंडलेल्या भिंतीकडे बराच वेळ बघत होते. आत्याने त्यांना एक वाटी दह्याचं गरम सूप दिलं. टायवाल्याला दिलं नाही. जाताना साहेब मला हळूच म्हणाले, "कोणी हरकत घेतली नाही तर वसंतात मंजूर होऊन जाईल."

म्हणून हात जोडून सांगते: हरकत घेऊ नका. कोणाला काही लिहू नका. कोणी चौकशीला आलंच, त्या स्वयंपाकघरात काय चालायचं म्हणून विचारलंच, तर 'आठवत नाही' म्हणा. वयाकडे बघून कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

कारण कागदावर लिहू शकत नाही. एक म्हणजे मी आत्याला शब्द दिलाय. दुसरं, तुम्हाला लिहिलेलं पत्र हे पत्र राहत नाही, पुरावा होतं. बाबांच्या घटस्फोटात तुम्ही त्यांचीच पत्रं त्यांच्याविरुद्ध कोर्टात वाचून दाखवली होती. आई अजून ते सांगताना तुमची बाजू घेते आणि तरीही दात-ओठ खाते. ईस्टरच्या आधी इथे या. समोरासमोर बसू. आत्याला मी तयार करते, ती स्वतःच सांगेल.

तुमची,
हेघिने


गोरिस
१५ फेब्रुवारी २००६

हेघिने,

'चि.' हा शब्द मी या वेळी गाळला आहे. चुकून नव्हे.

तुझ्या पत्रात एका प्रश्नाचेही उत्तर नाही. मात्र दोन कबुल्या आहेत. पहिली, रंग जाणूनबुजून भरला. दुसरी अधिक गंभीर: तू मला, चौकशी झाल्यास, खोटी साक्ष देण्यास सांगतेस. 'आठवत नाही' हे वाक्य मी आयुष्यभर बदमाषांच्या तोंडून ऐकले. ज्याला सगळे नीट आठवते तोच ते वापरतो. मला सगळे नीट आठवते. माझ्या वयाची ढाल तू मला देऊ करतेस. ती मी परत करतो.

तुझ्या 'हरकत घेऊ नका' या विनंतीमुळे मला एवढे कळले की हरकत घेतल्यास ती टिकेल. म्हणून काल विभागाकडे माझा अर्ज टपालाने रवाना केला. प्रत सोबत आहे. बांधकामाचे वर्ष, दगड आणि चुना यांविषयीचे मुद्दे तुला माहीत आहेत. शेवटचा परिच्छेद येथे उतरवतो, कारण तुझा सगळा नकाशा ज्या शब्दांवर उभा आहे, 'प्रार्थनास्थळाचा वापरातील भाग', त्यांना तो उत्तर देतो:

'मी या घराचा मुलगा आहे. घर बांधल्यापासून आजपर्यंत, प्रथम रहिवासी म्हणून आणि नंतर दर वर्षी पाहुणा म्हणून, मी त्या स्वयंपाकघरात जेवलो आहे. तेथे कांदे टांगलेले असतात, शेजारणी मीठ नाहीतर विरजण मागायला येतात, आणि चूल धूर करते. भिंतीवरील काजळी त्या चुलीची आहे. तेथे कधीही, कोणत्याही स्वरूपाची प्रार्थना झालेली नाही. याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे.'

हे वाचून तुझा संताप होईल. होऊ दे. माझ्या बहिणीला तिच्या हक्काचा फ्लॅट मिळेल. त्यात नळाला गरम पाणी असेल, आणि तिला हिवाळ्यात अंगणातून सरपण आणावे लागणार नाही. तू तिला चर्चची भाडेकरू करणार होतीस. मी तिला मालकीण ठेवले आहे. कोणी कोणाचे भले केले, हे ठरवण्यास फारशी विद्वत्ता लागणार नाही.

ईस्टरला मी येणार नाही. खरे बोलण्यापूर्वी ज्यांना 'तयार' करावे लागते अशा माणसांबरोबर मी जेवत नाही.

वाघर्श


येरेवान
२७ एप्रिल २००६

काका,

अभिनंदन. तुम्ही जिंकलात.

विभागाच्या समितीने तुमचा अर्ज मोठ्याने वाचला. अध्यक्ष म्हणाले, असा मुद्देसूद अर्ज या खोलीत आजवर आलेला नाही. गल्लीतल्या बायकांनीही जबान्या दिल्या होत्या. मी स्वतः दारोदार फिरून सह्या घेतल्या होत्या. दोघींनी अंगठे दिले. अध्यक्ष म्हणाले, "बायका काय, शेजारणीसाठी काहीही सांगतील. हा माणूस घरचा आहे, कायदा शिकवणारा आहे, आणि स्वतःच्या बहिणीच्या घराविरुद्ध सांगतो आहे. खोटं कशाला बोलेल?" तुम्ही खोटं बोलत नाही, हे मलाही माहीत आहे. तेच तर दुखणं आहे.

आता कायदा ऐका, कारण तुम्ही अर्धाच वाचलात. चर्चला मालक नसतो, हे बरोबर. पण वापरात असलेलं प्रार्थनास्थळ पाडता येत नाही, आणि ते सांभाळणाऱ्या माणसाला मरेपर्यंत तिथून हलवता येत नाही. आत्याला मालकी नको होती. तिला हलायचं नव्हतं. तुम्ही तिला विचारलंत का? एक ओळ? एक फोन? नाही, फोनवर वाक्यं पुसली जातात.

ईस्टरनंतरच्या बुधवारी घर पाडलं. आत्याने खुर्ची रस्त्यात ठेवली आणि बसून राहिली. यंत्रावरचा माणूस उतरून तिच्याजवळ आला. म्हणाला, "आजी, डोळे मिटून घ्या."

ती म्हणाली, "तूच मिट. मला बघायचंय. आणि ते अक्रोडाचं झाड वाचव, त्याला फांदी लागली तर तुझे कान उपटीन."

झाड वाचलं. सोमवारी ते पार्किंगच्या जागेत येतंय असं निघालं, मंगळवारी नव्हतं.

तुमच्या गरम पाण्याच्या नळासह ती आता नवव्या मजल्यावर आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पत्ता खाली देते. इथे उत्तर भिंत उघडी पडली आहे. बाकी सगळं चर्च मी धुऊन घासून उभं केलंय, आणि मध्येच एक काळा चौकोन, स्वयंपाकघराएवढा, त्यात क्रॉस कोरलेला दगड, तोही काळा. 'चुलीची घाण' म्हणून तो खरवडून काढायचा आदेश आहे, तुमचाच अर्ज जोडून. मी अजून सही दिलेली नाही. जूनपर्यंत रोखू शकेन, त्यापुढे मला काढून दुसऱ्याची सही घेतील.

बायकांनी कशाबद्दल जबान्या दिल्या, ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय. तुम्हीच तिला विचारा. या घराण्यात निदान एकदा कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सरळ विचारू दे.

हेघिने


गोरिस
२ मे २००६

प्रिय आर्पेनिक,

एकच प्रश्न विचारतो. कृपया होय किंवा नाही एवढेच उत्तर दे.

त्या स्वयंपाकघरात कधी प्रार्थना झाली होती का?

तुझा भाऊ,
वाघर्श


येरेवान
११ मे २००६

वाघर्श जान,

होय.

आता तुझं उत्तर झालं. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण मला लिहायचंय. इथे दुसरं काम काय आहे? नऊ मजले उतरायचे, पाव घ्यायचा, नऊ मजले चढायचे. लिफ्ट आहे म्हणे. आहे, पण ती तिच्या मर्जीने येते, माझ्या नाही.

रोज व्हायची. रोज. तू कोणत्या जगात राहत होतास? चर्चमध्ये मीठ भरलं तेव्हा गल्लीतल्या बायकांना मेणबत्ती लावायला जागाच राहिली नाही. आपलं घर झालं तेव्हा आईच्या लक्षात आलं की चर्चच्या बाहेरच्या अंगाचा क्रॉसवाला दगड आता आपल्या चुलीशेजारी, घराच्या आत आलाय. बाहेरून कोणाला दिसत नाही, आतून हात लागतो. दुसऱ्याच दिवशी समोरची माखमुर काकी आली. तिचा मुलगा सैबेरियात कैदेत होता. तिथून सुरुवात. एकीला मूल होत नव्हतं, एकीचा नवरा पीत होता, एकीला नुसतंच रडायला जागा हवी होती. 'मीठ मागायला जाते' म्हणून घरून निघायच्या. मीठ मागायला! भिंतीपलीकडे अख्खं कोठार भरलेलं, आणि गल्लीभर बायका मीठ मागत फिरायच्या, आणि तुला ते कधी विचित्र वाटलं नाही. तर्कशास्त्राचा मास्तर!

कांदे मी हौसेनं टांगत नव्हते. दगड झाकायला टांगत होते.

आणि सुर्ब तोरोसच्या सणाच्या दिवशी तुला जो कोंबडा वाढायचे, त्यावर तू दर वर्षी एकच कुरकुर करायचास, 'आर्पेनिक, तू मिठाशिवाय यात काही घालतच नाहीस.' अरे, तो नवसाचा कोंबडा! त्यात मिठाशिवाय काही घालायचं नसतं. सात घरी वाटून उरलेला तू खायचास. वर्षानुवर्षं नवस खाल्लास आणि मिरी मागितलीस.

तुला का सांगितलं नाही? वडिलांनी बंदी केली. तुला सरकारी कायदा संस्थेत नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी मला आणि आईला बसवून सांगितलं: 'वाघर्शला कळता कामा नये. त्याला कधीतरी बोलावून विचारतील, तुझ्या घरी काय चालतं. त्याला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं. त्याला माहीतच नसेल तर तो खरं बोलेल आणि वाचेल.' म्हणून तुझी टॅक्सी गल्लीत वळली की गेघाम शिट्टी मारायचा आणि आम्ही मेणबत्त्या फुंकायचो. तू आत येऊन नाक वर करून म्हणायचास, 'काहीतरी करपलंय.' मी म्हणायचे, 'हो, कांदा.' तुझी सगळी नोकरी त्या करपलेल्या कांद्यावर टिकली, बरं का.

मग दिवस बदलले. चर्चं उघडली. तेव्हा तरी सांगायचं. पण कसं सांगणार? 'तुझ्या सख्ख्या बहिणीने चाळीस वर्षं तुझ्यापासून लपवलं, कारण तू खरं बोलतोस'? मला वाटलं, तुला वाटेल आम्ही तुला परका धरला. आणि खरं सांगू, म्हाताऱ्यांना फुंकायची सवय लागली होती. या नाताळलाही फुंकल्या. तू दारात, आणि गोहारिक बर्फातून चपला हातात घेऊन मागच्या दाराने पळतेय, सत्तरीची बाई! तू गेल्यावर आम्ही किती हसलो.

हेघिनेकडून शब्द मीच घेतला होता. त्या बाबतीत तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव, मीही तुझ्यावर रागावलेच आहे. खूप. तू मला घालवलंस म्हणून नाही, ते कंपनीने केलं. तू मला न विचारता माझं भलं केलंस म्हणून. फ्लॅट, गरम पाणी! साठ वर्षं मला गरम पाणी नव्हतं, तर काय मी मळकी होते?

परवा त्या सगळ्या इथे आल्या, दोन बस बदलून. उभ्या राहिल्या स्वयंपाकघरात. फरशा पांढऱ्या, पलीकडे कोणाचा तरी टीव्ही. एकीने मेणबत्ती काढली, इकडे तिकडे बघितलं, कुठे लावायची कळेना, परत पिशवीत ठेवली. मग आम्ही कॉफी प्यायलो. आता त्या येणार नाहीत. लांब पडतं.

भिंत खरवडणार आहेत, असं हेघिने सांगते. तिथे माखमुर काकीची काजळी आहे, आईची आहे. मला फ्लॅट परत करून ती भिंत मिळत असेल तर विचारून बघ. नाहीतर काही विचारू नकोस.

आर्पेनिक


गोरिस
२९ मे २००६

चि. हेघिने,

हे पत्र लिहिण्यास अठरा दिवस लागले. त्यातले बहुतेक दिवस मी माझ्याच अर्जाची प्रत समोर ठेवून त्यातील दोष शोधत होतो. अनुमानात दोष नाही. युक्तिवाद निर्दोष होता. साक्षीदार निकामी होता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असा साक्षीदार उभा केला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

तुझ्यावर मी तीन आरोप केले होते: खोटेपणाचा, कीर्तीच्या लोभाचा आणि मला खोटी साक्ष देण्यास सांगितल्याचा. तिन्ही मागे घेतो. तुझी क्षमा मी पत्राने मागणार नाही. शनिवारी येऊन समोर मागेन. आर्पेनिकलाही भेटेन. तिने दार उघडले नाही तर जिन्यात बसेन. नवव्या मजल्यापर्यंत चढलेला माणूस लगेच उतरू शकत नाही, हे तिला माहीत आहे.

तोपर्यंत सोबतचे निवेदन विभागात दाखल कर. शिक्का मारून पोच घे. हे तुझ्या विनंतीवरून दिलेले नाही, असे कोणी विचारल्यास सांग. आणि ते खरेही आहे.

तुझा काका,
वाघर्श

*

स्मारक विभागास निवेदन

सुर्ब तोरोस चर्चच्या उत्तर भिंतीविषयी मी चौदा फेब्रुवारीस केलेल्या अर्जात पुढील दुरुस्ती करावी.

घराचे वर्ष, दगड आणि चुना यांविषयीची माझी विधाने कायम आहेत. ते घर चर्चचा भाग म्हणून बांधलेले नव्हते. ते नंतर झाले, बायकांच्या येण्याजाण्याने. विभागाच्या कोणत्याही नियमात असे म्हटलेले नाही की प्रार्थनास्थळ व्हायला आधी परवाना काढावा लागतो. तेथे दररोज जाणाऱ्या बायकांच्या जबान्या आपल्यापुढे होत्या, आणि वर्षातून एकदोनदा जेवायला जाणाऱ्या पुरुषाचा अर्जही. आपण जेवायला जाणाऱ्यावर विश्वास ठेवलात. का, तर त्याची वाक्ये नीट रचलेली होती. अध्यक्षांनी माझ्या अर्जाची केलेली स्तुती मी परत करतो; ती त्यांनी त्या दोन अंगठ्यांना द्यायला हवी होती. एकाही सदस्याला उठून त्या गल्लीपर्यंत चालत जावेसे वाटले नाही. घर पाडण्याची घाई मात्र अशी, की ईस्टरची अंडीही शिळी झाली नव्हती. घर परत उभे करता येणार नाही, हे मला कळते. कळत नाही ते एवढेच, की जे उरले आहे तेही खरवडण्याची एवढी निकड कोणाला आहे. त्या भिंतीवरील काळा भाग चुलीचा धूर नसून मेणबत्त्यांची काजळी आहे. ती घाण नाही. ती वापराची खूण आहे, आणि म्हणून चर्चइतकीच जतन करण्याजोगी आहे. तिला हात लावल्यास मी न्यायालयात जाईन. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे आणि मला दुसरे काही काम नाही.

आता माझ्याविषयी. त्या अर्जात एक विधान चुकीचे होते, आणि त्याच एका विधानावर आपला निर्णय उभा राहिला. मी लिहिले होते: तेथे कधीही प्रार्थना झालेली नाही. मला ठाऊक होते ते एवढेच, की माझ्यासमोर झाली नाही. ही चूक माझी आहे.

सही,
वाघर्श मेलिकसेत्यान